रक्तवाहिन्या पाझरू लागतात तेव्हा

जखम चिघळली, न्यूमोनिया झाला, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, की शरीर जंतूंवर तुटून पडतं. हाच प्रतिकार ताळतंत्र सोडून स्वतःच्या अवयवांना इजा करू लागला, की त्याला सेप्सिस म्हणतात.

मोठा फटका बसतो तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. त्यावर शर्करा आणि प्रथिनं यांचा नाजूक थर असतो. दाहामुळे तो झडतो, पेशींमधले सांधे सैल होतात आणि रक्तातलं पाणी माठातून पाझरावं तसं बाहेर झिरपतं. त्यातच नायट्रिक ऑक्साइड भरमसाट तयार होऊन वाहिन्या रुंदावतात, रक्तदाब कोसळतो. अंगावर सूज चढलेली असते, पण वाहिन्यांत मात्र द्रव अपुरा! एरवी रक्त गोठू न देणारं हे अस्तर आता उलट वागतं. केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या अडकतात. मूत्रपिंड, मेंदू यांना प्राणवायू पुरत नाही.

म्हणूनच नुसतं सलाईन चढवून भागत नाही. ते जास्त झालं तर फुप्फुसांतही झिरपतं. लवकर दिलेली प्रतिजैविकं हा खरा आधार. रक्तदाब तरीही सावरला नाही, तर वाहिन्या आवळणारं नॉरएड्रेनलिन देतात आणि सरासरी रक्तदाब ६५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर राखतात.

जंतुसंसर्ग झालेला माणूस असंबद्ध बोलू लागला, धापा टाकू लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका. वयस्कर माणसांचं अंग सेप्सिसमध्ये गारही पडतं.