मंथनयंत्र: त्याची उभारणी आणि निगा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे येतात, नाटकावर आणि अर्थकारणावरही बोलणारे येतात. त्या मानाने आजच्या विषयाची पाटी रूक्षच. कारखान्यांतील ढवळण्याची यंत्रे कशी बसवावीत आणि कशी राखावीत, हे ऐकण्यासाठी आपण संध्याकाळ खर्ची घालावी, ह्याचे मला स्वतःलाच थोडे आश्चर्य वाटते. परंतु आपण सकाळपासून काय काय वापरले ते आठवून पाहा. दात घासण्याची पेस्ट, अंगाचा साबण, चहातली साखर, डोकेदुखीची गोळी, ह्या सभागृहाच्या भिंतींचा रंग, ह्यांपैकी प्रत्येक वस्तू कोठे ना कोठे मोठ्या पात्रात ढवळली गेलेली आहे. ते ढवळणे नीट झाले नाही तर वस्तू बिघडते, आणि कधी कधी माणसे जिवाला मुकतात. म्हणून हा विषय केवळ कारखानदारांचा नाही, असे मला वाटते.

आपल्या परंपरेतील सर्वांत मोठे मंथन म्हणजे समुद्रमंथन. एखाद्या यंत्र उभारणाऱ्याच्या नजरेने ती कथा वाचली तर मोठी मौज वाटते. मंदार पर्वताची रवी केली, वासुकीची दोरी केली, दोन्ही बाजूंना ओढणारे बळकट होते. पण काम सुरू होताच मंदार खाली जाऊ लागला. का? तर खाली आधारच नव्हता! पाया न घालता यंत्र सुरू केले होते. शेवटी विष्णूने कूर्मरूप घेऊन पाठ दिली, तेव्हा मंथन मार्गी लागले. आमच्या धंद्यात शाफ्टच्या खालच्या टोकाला कधी कधी आधाराचे बेअरिंग देतात. त्याला मी मनातल्या मनात कासवच म्हणतो. त्या कथेत अमृताच्या आधी हलाहल बाहेर आले, ही गोष्टही ध्यानात असू द्या. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता घरातल्या रवीकडे वळू. ताक घुसळताना दोरी एकदा इकडे ओढतात, एकदा तिकडे. ह्यात फार मोठे शास्त्र आहे. रवी जर एकाच दिशेने गरगर फिरत राहिली, तर ताकही तिच्याबरोबर गोल फिरू लागेल, मध्ये भोवरा पडेल, आणि सारे फिरत असूनही फारसे काही मिसळणार नाही. दिशा सारखी बदलल्यामुळे द्रवाला रवीशी जुळवून घेता येत नाही. कारखान्यातले यंत्र मात्र विजेच्या मोटारीवर एकाच दिशेने फिरते. तेथे भोवरा मोडण्यासाठी पात्राच्या आतल्या भिंतीला उभ्या पट्ट्या बसवतात. त्यांना बॅफल म्हणतात. बहुधा त्या चार असतात, आणि एकेकीची रुंदी पात्राच्या व्यासाच्या सुमारे एक दशांश ते एक द्वादशांश असते. पातळ द्रवाच्या कामी ह्या पट्ट्या काढून टाकल्या तर उत्तम यंत्रही निकामी ठरते. सफाईला अडचण होते म्हणून कोणी त्या कापून टाकल्याची आणि मग माल एकसारखा येत नाही म्हणून यंत्र बनवणाऱ्याला दूषणे दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट शक्तीची. माल लवकर मिसळत नाही, तेव्हा जरा वेग वाढवा, असे सहज सुचते. पण पातळ द्रवात, बॅफल असलेल्या पात्रात, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट लागते. 5 अश्वशक्तीवर चालणाऱ्या यंत्राला 40 अश्वशक्ती हवी होते! पंख्याच्या व्यासाचा हिशेब तर याहून कडक आहे. तेथे शक्ती व्यासाच्या पाचव्या घातात वाढते. पंखा पाव हिश्शाने मोठा केला तर शक्ती तिप्पट लागते. म्हणून जुना पंखा मोडला आणि भंगारात थोडा मोठा मिळाला, तोच बसवला, असला व्यवहार मोटार जाळतो किंवा गिअरबॉक्सचे दात उडवतो.

घट्ट पदार्थांचे शास्त्र पुन्हा निराळे आहे. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांगच उभी राहिली. तेथे क्रिस्टलायझर नावाची पात्रे असतात. साखरेचे कण आणि मळी यांचा दाट रबडीसारखा पदार्थ त्यांत हळूहळू थंड होतो. तेथले ढवळणे किती संथ? मिनिटाला जेमतेम एखादी फेरी, कित्येकदा त्याहूनही कमी. पण तीही थांबता कामा नये. वीज गेली आणि तो पदार्थ थंड होऊन घट्ट बसला, तर पुन्हा बटण दाबताच वाकते ते यंत्र, पदार्थ हलत नाही.

ह्या शास्त्रात मराठी मुलखाचा वाटा लहान नाही. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग म्हणून जी संस्था निघाली, तेथील जोशी, पंडित आणि शर्मा यांनी वायू आणि द्रव एकत्र ढवळणाऱ्या पात्रांचा 1982 साली मोठा आढावा प्रसिद्ध केला. जगभरचे अभियंते त्याचा आधार घेत आले आहेत.

आता उभारणीविषयी. मंथनयंत्राचे वजन पेलले म्हणजे आधार पुरेसा झाला, ही पहिली चुकीची समजूत. फिरताना द्रव पंख्याला कधी ह्या बाजूने, कधी त्या बाजूने ढकलतो; लांब शाफ्टच्या टोकाशी बसलेला तो धक्का वरच्या बैठकीला पिळून काढतो. म्हणून बैठक ताठ हवी आणि समपातळीत हवी. पातळी डोळ्यांनी पाहावयाची नसते, लेव्हल लावून पाहावयाची असते. शाफ्ट आल्यावर भिंतीला तिरका टेकवून महिनाभर ठेवला तर तो आपल्याच भाराने वाकतो. त्याला आडवा, ठिकठिकाणी आधार देऊन ठेवावा. टांगल्यावर हाताने फिरवून टोकाशी डायल लावावी आणि तो किती हेलकावतो ते मोजावे. मोटार व गिअरबॉक्स ह्यांचे मध्य एका रेषेत नसले तर कपलिंग आणि बेअरिंगे अकाली झिजतात.

झोपाळ्याला त्याच्या तालात हलका धक्का दिला तरी तो उंच उंच जातो. प्रत्येक शाफ्टलाही असा स्वतःचा ताल असतो. त्या वेगाशी यंत्राचा वेग जुळला की थरथर वाढत जाऊन शाफ्ट वाकतो. म्हणून नेहमीचा वेग त्या घातक वेगापासून पुरेसा दूर ठेवतात. कोणी शाफ्ट लांबवला की तो घातक वेग खाली उतरतो, हे विसरू नये.

सुरू करण्यापूर्वीच्या दोन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, गिअरबॉक्स पुष्कळदा तेलावाचून पाठवलेला असतो. तेल आहे असे गृहीत धरून बटण दाबणारे लोक पहिल्याच दिवशी त्याची होळी करतात. दुसरी, फिरण्याची दिशा. तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारा अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते. तिरप्या पात्यांचा पंखा उलटा फिरला तर द्रव खाली लोटण्याऐवजी वर ओढतो. आवाज तोच, वीजही जवळपास तेवढीच, फक्त तळाशी गाळ बसत जातो. म्हणून क्षणभर बटण दाबून दिशा पाहावी, मग पात्रात पाणी भरून चालवावे, आणि मगच खरा माल घालावा. पात्र भरताना वा रिकामे करताना द्रवाची पातळी नेमकी पंख्याशी येते, तेव्हा यंत्र सर्वांत जास्त झटके खाते. तेथे रेंगाळू नये.

निगेचे म्हणाल तर ती कान, हात आणि वही ह्यांनी होते. ग्लँडचे पॅकिंग थेंब थेंब गळले पाहिजे. तो थेंबच त्याला थंड ठेवतो. गळती दिसली की पाना घेऊन गच्च आवळणारा फिटर शाफ्टवर चर पाडतो, आणि मग ती गळती कायमचीच होते. मेकॅनिकल सील असेल तर त्याला कोरडे चालवू नये. बोल्ट पहिल्या काही दिवसांनंतर पुन्हा तपासावेत. वहीत रोज मोटारीचा अँपिअर लिहावा. आकडा चढू लागला तर माल दाटला असेल किंवा बेअरिंग धरत असेल. आकडा एकाएकी उतरला तर आनंद मानू नये, कदाचित पंख्याचे पातेच गळून पडले असेल!

येथे एक आठवण सांगावीशी वाटते. मी उमेदवारी केली त्या कारखान्याचे नाव सांगत नाही. तेथे एक वृद्ध मिस्त्री होते. पात्रात उतरण्यापूर्वी ते विजेच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घालीत आणि मगच शिडी लावीत. आम्ही शिकलेली पोरे हसत असू. "मिस्त्री, बटण बंद आहे की!" असे मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, आत कोन हाय ते बटनाला कुठं कळतंय?" एके दिवशी ते आत पाती साफ करीत असताना पाळी बदलली. नव्या पाळीच्या माणसाला काहीच ठाऊक नव्हते. त्याने येऊन बटण दाबले. काही झाले नाही. त्याने पुन्हा दाबले. मी समोर उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पाच मिनिटांनी मिस्त्री वर आले, खिशातले फ्यूज काढले आणि पाणी मागितले. त्या दिवसानंतर मी त्यांना हसलो नाही. बंद पात्रात माणूस उतरवण्यापूर्वी काय काय दक्षता घ्यावी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 36 व्या कलमात लिहिलेले होते. आमच्यापैकी ते पाळणारा तो एकटाच होता, आणि त्याने ते वाचलेले नव्हते. आता कुलूप लावून किल्ली जवळ ठेवण्याची पद्धत आहे. तत्त्व तेच, खिसा तोच.

आता हलाहलाकडे येतो. इटलीत मिलानच्या उत्तरेस मेदा येथे इक्मेसा कंपनीचा कारखाना होता. तेथे ट्रायक्लोरोफेनॉल हे रसायन तयार होई. 10 जुलै 1976, शनिवार. आठवड्याच्या सुटीसाठी कारखाना बंद करावयाचा म्हणून पहाटे एक घाणा अर्धवट सोडून वाफ बंद करण्यात आली, आणि थोड्या वेळाने ढवळणेही थांबवले. द्रवाचे तापमान 158 अंश होते. ते आपोआप निवेल अशी कल्पना. परंतु पात्राची द्रवाच्या वरची भिंत त्याहून पुष्कळ तापलेली होती. अभ्यासकांनी पुढे दिलेला खुलासा असा, की ढवळणे बंद असल्यामुळे भिंतीची उष्णता सबंध द्रवात न पसरता वरच्या पातळ थरातच साठली, तेथे क्रिया मंदपणे सुरू झाली आणि वाढत गेली. दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरक्षेची तबकडी फुटली आणि डायऑक्सिन ह्या भयंकर विषाचा ढग सेव्हेसो गावावर उतरला. कारखान्यात ते यंत्र पाहणारे कोणी नव्हते. सातशेहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली, हजारो जनावरे मेली वा मारावी लागली, आणि क्लोरॅक्ने ह्या त्वचारोगाचे 193 रुग्ण नोंदले गेले, त्यांत बहुतेक मुले होती. ह्या दुर्घटनेवरून युरोपने 1982 साली केलेला निर्देश सेव्हेसोच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे 1984 साली भोपाळ घडले, आणि धोकादायक रसायनांविषयीचे नियम 1989 साली झाले.

ह्यातून एक धडा कामगारापासून मालकापर्यंत सर्वांनी घ्यावा. क्रिया चालू असताना ढवळणे थांबले, तर पहिल्याने माल घालणे थांबवा. आणि घाबरून लगेच पुन्हा सुरू करू नका. न मिसळता थर धरून राहिलेले पदार्थ एकदम एकत्र आले तर क्रिया हाताबाहेर जाते. थांबवावे केव्हा आणि पुन्हा चालवावे केव्हा, हे आधी ठरवून, लिहून, यंत्रापाशी लावलेले असावे. त्या पहाटे मेदा येथे ढवळणे थोडे आणखी चालू ठेवले असते, तर ती उष्णता साऱ्या द्रवात वाटली जाऊन विरली असती.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. घरी परतल्यावर त्यांना पगाराविषयी आपण विचारतोच. एखादे दिवशी हेही विचारा, की तुमच्याकडे पात्रात माणूस उतरतो तेव्हा फ्यूज कोणाच्या खिशात असतात? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या कारखान्यात चटकन मिळते, तेथले यंत्र नीट बसवलेले आणि नीट राखलेले आहे असे समजावे.