तेवढा अर्ज लिहून द्या

छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की मिटमिट्याच्या अलीकडे पडेगाव येते. कधीकाळचे हे वेगळे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. पण एखाद्या दाखल्यासाठी शहरातली कचेरी गाठायची म्हणजे रिक्षाभाडे गेले आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली. म्हणून एका छोट्या सेवाभावी संस्थेने इथे सल्ला केंद्र चालवले आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातले दोन दिवस तिथे बसतो. एक टेबल, चार खुर्च्या आणि पाण्याचा माठ, एवढाच संसार. फी नाही.

श्रोतेहो, येणाऱ्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘तेवढा अर्ज लिहून द्या.’ अर्ज लिहायला पाच मिनिटे लागतात. माणूस समाधानाने जातो, आपल्यालाही काही केल्यासारखे वाटते. पण त्या अर्जाची गरज आहे का, हे शोधायला अर्धा तास लागतो, आणि आमचे खरे काम त्या अर्ध्या तासाचे.

गेल्या पावसाळ्यात धुणीभांडी करणाऱ्या एक विधवा बाई आल्या. संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये पाच महिन्यांपासून मिळत नव्हते. कचेरीत सांगत, ‘पैसे पाठवलेत.’ बँकेत सांगत, ‘आलेले नाहीत.’ गंमत अशी, की दोन्ही उत्तरे खरी होती. तीन अर्ज झाले होते, चौथा मी लिहायचा होता. मी पासबुक मागितले तेव्हा त्या चिडल्या. इकडच्या दखनीत म्हणाल्या, ‘मेरेकू कागज नको, पैसा होना.’

सरकारी अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. आणि खाती दोन असली, तर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. आणखी कुठे खाते आहे का, विचारले. नाही म्हणाल्या. बचत गटाचे? नाही. चहा झाला. मग सोबत आलेल्या नातवाला आठवले, की मागच्या वर्षी कर्ज मिळेल म्हणून आजीने दुसऱ्या एका बँकेत अंगठा दिला होता. कर्ज मिळाले नाही, म्हणून ते खाते आजीच्या लेखी नव्हतेच! पासबुक पत्र्याच्या पेटीत निघाले, आणि साडेसात हजार रुपये त्या खात्यात पडून होते.

सगळीच प्रकरणे अशी सुटत नाहीत. याच योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१ हजारांची मर्यादा आहे. महागाईकडे पाहिले तर हा आकडा मला क्रूर वाटतो. तरीही ‘तुम्ही यात बसत नाही’ हे तोंडावर सांगावेच लागते. आम्ही सांगितले नाही, तर बाहेरचा दलाल ‘करून देतो’ म्हणतो आणि पैसे घेतो.

जिथे अर्ज हवाच, तिथे पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, असे आम्ही बजावतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे लागते, आणि त्यावर अपील करता येते. हातात पोच नसेल, तर मुदत मोजायची कुठून?

अशा सल्ल्याची कल्पना काही आमची नव्हे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात उडी घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी तिथे अशी दोनशे केंद्रे उघडली. लोकांची गाऱ्हाणी आमच्याकडच्यासारखीच होती: रेशन, कर्ज, डोक्यावरचे छप्पर.

एक प्रकरण मात्र अजून माझ्या वहीत उघडे आहे. नवऱ्याची मारहाण सोसणारी एक तरुण मुलगी आली होती. तिलाही अर्जच हवा होता, नवऱ्याला ‘समज देण्याचा’. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे आमच्या सहकारी ताईंनी तिला समजावले. १५१०० हा मदतीचा क्रमांक तिच्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला, शेजारी काही नाव न घालता. पुढच्या आठवड्यात जिल्हा न्यायालयात ताई तिच्याबरोबर जाणार होत्या. ती आली नाही. ‘घरी कुणी येऊ नका’ असे तिने जाताना बजावले होते. जाऊन पाहावे, असे ताईंचे मत. तिचा शब्द मोडू नये, असे माझे. दोन बैठका झाल्या, अजून ठरलेले नाही.