पन्नास मायक्रॉनची चकाकी

या कार्यक्रमात पापडाच्या गटापासून पीएफच्या फॉर्मपर्यंत सगळं बोलून झालंय. गाडीच्या रंगावर बोलायला बाई आली म्हटल्यावर काहीजणी रेडिओ बंद करतील, पण थोडं थांबा. हे काम भांडी घासण्याच्या फार जवळचं आहे आणि त्यात पैसाही आहे. बजाजनगरात माझी गाड्या धुण्या-पॉलिश करण्याची छोटी शेड आहे. त्याच कामाबद्दल सांगते.

आपली वस्तीच गाड्यांमुळे उभी राहिली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मग त्याच्या भोवती सुट्या भागांचे कारखाने आले आणि कामगारांची घरं झाली. पुढे २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या बनायला लागल्या. आणि २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या! तेव्हा देशभर चर्चा झाली होती. बजाजनगरात मर्सिडीज क्वचितच दिसते. इथे असते ती हप्त्यावर घेतलेली छोटी गाडी, आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालताना तिच्यावर जीव ओवाळून टाकणारी माणसं.

त्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा दिसतात. यांना आमच्या धंद्यात स्वर्ल म्हणतात. काळ्या गाडीवर जास्त दिसतात, पांढरीवर लपतात. गंमत अशी, की त्या रेषा मुळात गोल नसतातच. पुसण्याचे ओरखडे चारी दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. खात्री करायची तर जुनी स्टीलची परात बल्बखाली धरा. तिच्यावरही बल्बभोवती तसंच जाळं दिसेल. बल्बची जागा बदलली की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं.

आता या रेषा कशावर पडतात ते समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे. पेंट शॉपमध्ये काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांना हे पाठ असतं. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. चकाकी या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन हा शब्द आपल्याला भाजीवाल्याकडे कळला. ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली तेव्हा. तर लाखो रुपयांच्या गाडीची चकाकी त्या पिशवीइतक्याच जाडीची असते.

पॉलिश म्हणजे काहीतरी चोपडून रेषा भरून काढणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. पॉलिश म्हणजे घासून कमी करणं. रेषा जितकी खोल, तितका आजूबाजूचा थर खाली आणायचा, म्हणजे सगळं सपाट होतं आणि उजेड सरळ परततो. एका वेळच्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाऊंड वापरलं तर चार-पाच. आजीच्या लग्नातला पितळी डबा आठवा. त्यावर कोरलेलं नाव आज वाचता येत नाही, कारण दर सणाला चिंच आणि राख लावून तो लख्ख केला. गाडीला तर पितळेइतकी जाडीही नाही. शिवाय उन्हापासून खालच्या रंगाला जपणारा थरही हाच आहे. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत टपावर पांढरे पापुद्रे सुटतात. मग पॉलिशचा उपयोग नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो.

म्हणून मशीनला हात लावण्याआधी निम्मं काम धुण्याचं. पाणी हा आपल्याकडे नाजूक विषय. जायकवाडी शेजारी असूनही नळाची आठ-आठ दिवस वाट बघणं शहरात कुणाला नवं नाही. पाइप सोडून गाडी धुणं मला बघवत नाही. दहा मिनिटांत शंभर लिटर सहज वाहून जातं. दोन बादल्यांत गाडी उत्तम धुता येते. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. कापड शॅम्पूत बुडवायचं, एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि पुन्हा शॅम्पूत. धूळ दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, परत गाडीवर जात नाही. वरून खाली यायचं. चाकं आणि खालची पट्टी शेवटी, आणि त्यांचं कापड वेगळं. चिखल असेल तर आधी मगाने पाणी ओतून तो भिजवून सोडवायचा. घासायचा नाही. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात.

कपड्यांचा साबणचुरा आणि भांड्यांची वडी गाडीला लावू नका. साबणचुऱ्याने मेण निघून जातं आणि वडीत घासणारी पूड असते. बोअरचं पाणी असेल तर सकाळी लवकर किंवा सावलीत धुवा, कारण उन्हात पाणी सुकलं की क्षार काचेवर आणि रंगावर पांढरे ठिपके ठेवून जातात. कढईत पाणी आटवल्यावर राहतात तेच हे क्षार. ताजे असतील तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसलं की सुटतात. वरून साध्या पाण्याचा हात द्यायला विसरू नका. पक्ष्याची विष्ठा मात्र दुपारपर्यंत ठेवायची नाही. तीत आम्ल असतं आणि मे महिन्याच्या तापलेल्या पत्र्यावर ते क्लिअर कोट खातं. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या.

इथे मला त्या बायांबद्दल बोलायचंय, ज्या पहाटे सोसायट्यांत गाड्या पुसतात. महिन्याला गाडीमागे तीन-चारशे रुपये, आणि एका सकाळी वीस गाड्या. एक बादली, एक फडकं, तेही कुणाच्या तरी जुन्या बनियनचं. दहाव्या गाडीपर्यंत त्या बादलीत चिखल झालेला असतो. अशीच एक बाई माझ्या शेडमध्ये आली. मालकाने पॉलिशवाल्याचं बिल तिच्या पगारातून कापायचं ठरवलं होतं, कारण गाडीवर रेषा तिच्या फडक्याने पडल्या. आता रेषा फडक्यानेच पडल्या, हे खरं. पण फडकं कुणी दिलं? पाणी किती दिलं? पार्किंगमध्ये नळ आहे का? मी तिच्यासोबत जाऊन मालकांना टॉर्चच्या उजेडात दोन्ही दारं दाखवली, एक तिने पुसलेलं आणि एक त्यांच्या मुलाने रविवारी कोरड्या कापडाने पुसलेलं. दोन्हीवर सारखीच जाळी. पगार कापला नाही. मग मी तिला मायक्रोफायबरची सहा कापडं दिली, तिने दोन महिन्यांत पैसे फेडले. आता ती बिनधुण्याचं शॅम्पू वापरते. झाकणभर शॅम्पू आठ-दहा लिटर पाण्यात घालायचं, त्याने धूळ बुळबुळीत होऊन उचलली जाते, वरून पाणी मारावं लागत नाही. गाडीमागे शंभर रुपये वाढवून मागितले. बहुतेकांनी दिले, दोघांनी काम बंद केलं. तिचं म्हणणं, दोघं गेले ते बरंच झालं.

मायक्रोफायबरची काळजी आपल्याइतकी कुणाला कळणार? सुती कपड्यांसोबत धुवायचं नाही, त्यांचे धागे त्यात अडकतात. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, इस्त्री नको, गरम पाणी नको. जमिनीवर पडलं की ते कापड चाकांसाठी. धुऊनही पुन्हा वर घ्यायचं नाही.

आता पॉलिश. धुतल्यानंतर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागलेला रंग पिशवीतून रव्यासारखा लागतो. वाळूजच्या हवेतली धातूची धूळ, डांबर, झाडांचा चीक रुतून बसलेला असतो. त्यासाठी क्ले नावाची कणकेसारखी चिकट वडी मिळते. पाणी-शॅम्पू मारून ती हलकेच सरकवायची, की घाण तिला चिकटते. खाली पडली तर फेकून द्या, मोह नको.

मग कडा आणि रबराच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावायची, कारण कडेला थर सगळ्यात पातळ. मशीन दोन प्रकारची. एक रोटरी, नुसती गोल फिरणारी. वेगाने कापते, पण तापते आणि नवख्या हाताने रंग जाळते. शिवाय मागे स्वतःचे धुरकट पट्टे सोडते. दुसरी ड्युअल अ‍ॅक्शन, जी फिरता फिरता जागेवर हेलकावते. शिकणारीने हीच घ्यावी. आधी हातभर जागेवर करून बघायचं, तेही सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने. त्याने रेषा गेल्या तर जाड कंपाऊंडचा डबा उघडायचाच नाही. बऱ्याच ठिकाणी याच्या उलट करतात, आधी जाडं, कारण वेळ वाचतो. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीन हळू सरकवायचं, आधी आडवं मग उभं, सारवताना हात फिरतो तसं. जोर देऊ नका. एका छोट्या गाडीला माझा पूर्ण दिवस जातो.

ओढणी किंवा पदर खोचून घ्या, केस बांधा, बांगड्या-अंगठी काढून ठेवा. ते मशीनसाठी आणि रंगासाठीही. तोंडाला मास्क हवा. पाण्याजवळ वीज वापरतो, तेव्हा झटका लागताच वीज तोडणारा स्विच बसवूनच घ्या. आणि चाकं धुवायला बिनलेबलचं सुटं अ‍ॅसिड कुणी आणून दिलं तर परत करा; अशा काही द्रावणांतलं अ‍ॅसिड कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं.

गाडी दुसरीकडे देणार असाल तर एक गोष्ट मागून घ्या. पॉलिश झाल्यावर एखादा भाग स्पिरिटसारख्या द्रावणाने पुसून दाखवायला सांगा. काही पॉलिशमध्ये तेल आणि भरणी असते, ती रेषा नुसत्या झाकते. दोन-तीन धुण्यांत जाळी परत येते आणि पैसे गेलेले असतात. पुसूनही जाळी नसेल तर काम खरं. रंगाची जाडी मोजायचं यंत्रही विचारा. ते बहुधा सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, पण बाकी गाडीपेक्षा एखादं दार फार कमी आलं, तर आधी कुणीतरी खूप घासलंय हे कळतं.

वरून काय लावायचं? ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण दिसायला सुंदर, पण आपल्या उन्हात लवकर जातं. सिरॅमिक कोटिंग टिकाऊ, पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं. पण ‘नाइन-एच’ म्हणजे ओरखडाच पडणार नाही, असं सांगून कुणी वीस-पंचवीस हजारांचं बिल पुढे केलं, तर सांगा की तो नऊ पेन्सिलींच्या कडकपणाच्या मापातला आहे. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो.

गेल्या हिवाळ्यात एक काका आले. मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षांची काळी गाडी आरशासारखी हवी होती, नवरी तीतूनच जाणार. मी जाडी मोजली. टप आणि बॉनेट आधीच दोनदा घासलेले, आकडा फार खाली. मी म्हटलं, काका, दारं पूर्ण करते, टप-बॉनेट नुसतं हलक्या हाताने. चार खोल रेषा राहतील. ते म्हणाले, ‘‘अहो ताई, पैसे पूर्ण देतो, रेषा कशाला ठेवता?’’ मी नाही म्हटलं. ते दुसरीकडे गेले, दोन दिवसांनी परत आले. तिकडेही मोजूनच नकार मिळाला होता. मग मी सांगितलं तसंच केलं. बॉनेटवर त्या चार रेषांच्या जागी फुलांची माळ बरोबर बसत होती, तेवढी मीच त्यांना सुचवली.

कुणाला हे काम शिकायचं असेल तर जुन्या गाडीचं टाकून दिलेलं बॉनेट भंगारात मिळतं. सहा महिने त्यावर हात बसवा, मगच लोकांच्या गाडीला मशीन लावा. माझ्याकडे रविवारी दुपारी अशी दोन बॉनेटं रिकामी असतात. येताना जुनी ओढणी आणि मास्क तेवढा आणा.