उत्तर आले नाही, म्हणजे नोंद नाही असे नव्हे
(शासकीय संगणक-आज्ञावली तयार करणाऱ्या प्रशिक्षणार्थींपुढे केलेले भाषण)



पडद्यावरील पान दूरच्या सर्व्हरकडून माहिती कसे मागविते आणि ती न मिळाल्यास नागरिकाला काय सांगावे, या विषयावर आज मला आपणाशी बोलावयाचे आहे. विषय लहान वाटला तरी त्याचा संबंध सामान्य माणसाच्या दैनंदिन कामाशी आहे.

पूर्वी पानावरील एक आकडा बदलावयाचा तरी सबंध पान नव्याने मागवावे लागे. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये पान तसेच ठेवून केवळ हवी ती माहिती मागविण्याची सोय आली. २००५ मध्ये या पद्धतीस ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. २०१५ पासून ‘फेच’ ही अधिक सुटसुटीत सोय ब्राउझरांत येऊ लागली.

सोय वाढली तरी अंतर नाहीसे झालेले नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरवरील सर्व्हरकडे जाऊन परत यावयास त्यालाही एक दशांश सेकंद लागतो. शिवाय वाटेत जोडणी तुटते, सर्व्हरवर गर्दी होते. म्हणून उत्तर येणारच, असे गृहीत धरून आज्ञावली लिहिता येत नाही.

सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आपल्या राज्यात २०१८ पासून मिळू लागला. समजा, पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याचा गट क्रमांक आपल्या आज्ञावलीने सर्व्हरकडे पाठविला. आता तीन गोष्टी संभवतात. उतारा मिळेल, ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर येईल, किंवा सर्व्हर बिघाड कळवील वा मुळीच उत्तर देणार नाही. दुसरी व तिसरी गोष्ट यांत महदंतर आहे. परंतु ‘फेच’ केवळ जोडणी फसली तरच अपयश कळविते. सर्व्हरने ४०४ किंवा ५०३ हा क्रमांक पाठविला, तरी तिच्या दृष्टीने उत्तर आलेले असते! तो क्रमांक आपणच तपासावयाचा असतो. ती तपासणी राहिली, की पडद्यावर कोरी जागा दिसते, आणि खिडकीवरील कर्मचारी ‘नोंद नाही’ म्हणून मोकळा होतो. शेतकऱ्याची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे वाया जाते, आणि आपल्या जमिनीचे काय झाले हा घोर लागतो तो वेगळाच.

यावर उपाय कठीण नाहीत. प्रत्येक मागणीला कालमर्यादा घालावी. केवळ वाचण्याची मागणी फसल्यास, दर वेळी अंतर वाढवीत, ती दोन-तीनदा पुन्हा पाठवावी. शुल्क भरण्याची मागणी मात्र अशी डोळे मिटून पुन्हा पाठवू नये. पैसे दोनदा कापले जातील. अशा मागणीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने तो ओळखावा. जुनी साठविलेली माहिती दाखविली, तर तिची तारीख व वेळही दाखवावी.

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही, आपली नोंद तपासली गेलेली नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाहू’ एवढी सरळ मराठी वाक्ये पडद्यावर आली, तरी त्या हक्काची बूज राखली जाईल. यंत्राला जे कळलेले नाही, ते कळले असे त्याने भासवू नये, ही दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.