तुरुंगातील ‘नेल्सन’

(मंडळाच्या चित्रपट-रसास्वाद सभेत केलेले भाषण)



आज दाखविला जाणारा ‘लकी ब्रेक’ हा पीटर कॅटॅनिओ यांचा २००१ सालचा ब्रिटिश विनोदी चित्रपट. याच दिग्दर्शकाचा ‘द फुल मॉन्टी’ (१९९७) जगभर गाजला. त्याच्या छायेत हा झाकोळला गेला, हे आम्हांस अन्यायाचे वाटते.

बँक लुटण्याचा बेत फसून जिमी तुरुंगात येतो. तेथील प्रमुखास गव्हर्नर म्हणतात. आपल्याकडील राज्यपालांशी त्याचा काही संबंध नाही! या गव्हर्नरांना संगीत नाटकाचे विलक्षण वेड. इंग्लंडचा दर्यासारंग नेल्सन याच्यावर त्यांनी स्वतःच एक संगीतिका रचली आहे. (कपाटात तीन अंकी नाटकाची वही जपणारे ज्येष्ठ सभासद कोणत्या मंडळात नसतात?) जिमी हे मर्म ओळखतो. प्रयोग जुन्या प्रार्थनामंदिरात व्हावा आणि त्या गडबडीत आपण निसटावे, असा त्याचा डाव. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) अधिकारी कैद्यांची मने वळवितो, येथे कैदीच अधिकाऱ्याला नादी लावतो.

संगीतिका अर्थातच हास्यास्पद. तिची पदे स्टीफन फ्राय यांची, आणि मुद्दाम वाईट पदे रचणे हे सोपे काम नव्हे. परंतु गव्हर्नर झालेल्या ख्रिस्तोफर प्लमर यांनी त्या वेडाची टवाळी होऊ दिलेली नाही.

हेतू खोटा असला तरी तालीम खोटी करता येत नाही. संवाद पाठ करावे लागतात, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते, सोबत्याची चूक सावरून घ्यावी लागते. पळून जाण्यासाठी जमलेली ही माणसे न कळत नटसंच होऊन बसतात.

टिमोथी स्पॉल यांनी रंगविलेला क्लिफ मात्र आम्हांस विसरता येत नाही. हा मवाळ, भाबडा कैदी एका पहारेकऱ्याच्या छळाला कंटाळून जीव देतो. विनोदी चित्रपटात हा मृत्यू कित्येकांना विजोड वाटेल. आमचे मत निराळे आहे. आमचे आयुष्य सरकारी शिस्तीत गेले. क्षुल्लक अधिकारही कोत्या मनाच्या हाती पडला की दुबळ्याचे काय होते, हे आम्ही जाणतो. क्लिफ नसता तर तो तुरुंग केवळ नाटकाचा पडदा ठरला असता. त्याच्यामागून होणाऱ्या प्रयोगाकडे आपण वेगळ्याच नजरेने पाहतो.

जिमी निसटतो की रंगमंचावरच थांबतो, हे आम्ही सांगणार नाही. चित्रपटाची सर्व सिद्धता झाली आहे. दिवे मालवावेत, ही विनंती.