उसन्या झाडूंचे आरमार



पत्रिकेत माझा विषय ‘बहुराष्ट्रीय आरमारी कवायती आणि पाणसुरुंग-निवारणाची साधने’ असा भारदस्त छापला आहे. परंतु मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की या कवायती बडी राष्ट्रे स्नेहसंमेलने म्हणून कितीही मिरवोत, सुरुंगांपुरता तो शेजारच्या घरी झाडू उसना मागण्याचा प्रकार असतो. (हशा.) पहिल्या रांगेत आरमारातील एक निवृत्त अधिकारी बसले आहेत, ते हसले नाहीत. मुलकी माणसाने या विषयात तोंड घालू नये, असे त्यांचे मत असल्यास मी त्याचा आदर करतो, आणि बोलत राहतो.

पाणसुरुंग म्हणजे काय, हे आपणांसारख्या बहुश्रुतांस सांगणे नको. तो झाडण्याचे मूळ साधन मात्र पाहण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात ‘ओरोपेसा’ नावाच्या मच्छीमार जहाजावर सिद्ध झाल्यामुळे त्याच जहाजाचे नाव धारण करणाऱ्या या सरंजामात नौकेच्या मागे तारेचा लांब दोर सोडलेला असतो. ‘ऑटर’ नावाची चौकट त्याचे टोक बाजूला खेचून धरते, ‘काइट’ त्यास खोल दाबून ठेवते, वर तरंगता फ्लोट त्याचा ठावठिकाणा दाखवितो, आणि सुरुंगाचे नांगरबंधन या दोरावरून घसरत कातरीत सापडले की तुटते, सुरुंग वर येतो व गोळ्या घालून निकालात काढला जातो. पुढे १९३९ च्या नोव्हेंबरात शूबरीनेसच्या चिखलात जर्मनांचा चुंबकीय सुरुंग इंग्रजांच्या हाती लागला, ऑव्हरी नामक अधिकाऱ्याने तो जिवावर उदार होऊन उकलला, आणि तेव्हापासून दोराच्या जोडीस विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तरंगत्या केबली आल्या, लाकडी नौकांना मान आला.

आता माझा पुरावा. १९५० साली कोरियातील वोन्सानच्या बंदरासमोर सुमारे तीन हजार सुरुंगांनी जगातील सर्वांत बलाढ्य अशा अमेरिकन आरमारास जवळजवळ आठवडाभर येरझारा घालावयास लाविले. ‘पायरेट’ आणि ‘प्लेज’ या नौका एकाच दिवशी बुडाल्या, आणि मदतीस बोलवावे लागले ते पाच वर्षांपूर्वी पराभूत केलेल्या जपानचे नाविक! १९९१ च्या फेब्रुवारीत, आखाती युद्धात, सुरुंग झाडणाऱ्या हेलिकॉप्टरांचा तळ असलेली ‘ट्रिपोली’ स्वतःच सुरुंगावर आदळली, काही तासांत ‘प्रिन्सटन’चीही तीच गत झाली, आणि युद्धोत्तर सफाईस बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, जपान यांच्या चिमुकल्या नौका धावल्या. २०१२ साली बहारीनच्या आसमंतात तीसहून अधिक राष्ट्रे सुरुंग-निवारणाच्या कवायतीसाठी जमली, ती का, हे आता निराळे सांगावयास नको. बाल्टिकमध्ये तर अशा कवायतींत दोन्ही महायुद्धांचे खरेखुरे सुरुंग आजही निघतात.

हे सारे परदेशचे, असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या दारची एक हकीकत सांगतो. दोन मिनिटांत आटोपते. १९१६ च्या अखेरीस ‘वुल्फ’ नावाचे जर्मन जहाज, दिसावयास निव्वळ मालवाहू, कप्तान नेर्गर याच्या हुकमतीखाली कील बंदरातून निघाले. पोटात शेकडो सुरुंग, सोबत ‘वुल्फखेन’ नावाचे छोटे विमान! आफ्रिकेचे दक्षिण टोक, कोलंबो, आणि १९१७ च्या फेब्रुवारीत आपली मुंबई, असे सुरुंग पेरीत ते निघून गेले. चार महिने उलटले. २३ जून रोजी पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही उतारूंची बोट मुंबईच्या दक्षिणेस भर समुद्रात सुरुंगावर लागून बुडाली. त्या घटकेस पेरणारा कोठे होता म्हणाल, तर न्यूझीलंडच्या बाजूस! कोठल्याही बंदरास न शिवता, शेकडो कैदी पोटात घेऊन, हा गृहस्थ पुढच्या वर्षी स्वदेशी परतला, आणि त्याचा तो विमानचालक—

चिटणीसांची चिठ्ठी आली. पाच मिनिटे उरली आहेत. ध्वनिसुरुंग राहिले, सुरुंग शोधणाऱ्या डॉल्फिनांचे प्रकरणही राहिले. (‘डॉल्फिन सांगा!’ असा मागून आवाज. हशा.) नाही, डॉल्फिनपेक्षा गोवा शिपयार्डाचे प्रकरण निकडीचे आहे. १९५६ च्या सुमारास आपण महोगनीच्या फळ्यांच्या ‘कारवार’सारख्या नौका घेतल्या, पुढे सोव्हिएत बनावटीच्या बारा आल्या, आणि त्यांतील शेवटची ‘कोझिकोड’ २०१९ साली निवृत्त झाली. बदली नौका गोवा शिपयार्डात बांधावयाची योजना कोरियन कंपनीशी वाटाघाटी फिसकटून त्याच्या आदल्याच वर्षी बारगळली होती. इतका लांब किनारा, इतकी बंदरे, आणि घरात झाडू नाही! पहिल्या रांगेतील साहेब आता मान हलवीत आहेत; ती होकारार्थी की नकारार्थी, हे त्यांनीच व्यासपीठावर येऊन सांगावे. माझी उरलेली तीन मिनिटे मी त्यांना देतो.