कॅमेरा कुणाच्या हाती?



बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. आपले दुःख दुसऱ्याने छापावे म्हणून वाट पाहत बसायचे नाही, हा त्यातला धडा. पुढे वर्तमानपत्राच्या जोडीला टीव्ही आला. आपल्या सोयगाव तालुक्यातली अजिंठा लेणी जगभर दाखवली जातात. पण आपल्या वस्तीतला कोरडा नळ कुणी दाखवायचा?

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी १९७५ साली इस्रोने छोटे टीव्ही प्रक्षेपण सुरू केले. तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन कार्यक्रम बनू लागले. मजुरी, जातिभेद, पिळवणूक हे विषय पडद्यावर आले. १९८४ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण पुढे तो प्रकल्प संपला. यंत्राची मालकी गावाकडे नव्हती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

तेलंगणातल्या माचनूरला २००८ साली संगम रेडिओ सुरू झाला. तो चालवायला गावच्या दलित स्त्रियाच पुढे आल्या. माइक त्यांच्या हाती, प्रश्नही त्यांचेच!

आता कॅमेरा घरोघरच्या मोबाइलात आहे. तेव्हा आपल्या मुला-मुलींनी चित्रीकरण शिकावे, महिन्याला वस्तीचा एक बातमीपट करावा आणि तो आधी विहारात सर्वांना दाखवावा. मात्र खात्री केल्याशिवाय, समोरच्याची बाजू ऐकल्याशिवाय काही पुढे धाडू नये. सम्यक वाचा म्हणतात ती हीच.

जयभीम! नमो बुद्धाय!